खंदकाची परीक्षा

"माझी शिट्टी वाजली की फळी ओढून घ्यायची, मग आजीचं दार उघडायचं. कोणी कितीही बोंबललं तरी फळी परत टाकायची नाही!" इंजिनीअरसाहेबांनी राखणदार काकांना बजावून ठेवलं होतं. बेटावरच्या झोपाळ्याची गाठ मनासारखी बसली, त्या आनंदात साहेबांनी शिट्टी फुंकली. आपण अजून खंदकाच्या आत, बेटावरच आहोत, हे लक्षात आलं तेव्हा काका फळी खांद्यावर टाकून निघाले होते.

"काका! अहो, मी इथे आहे!"

"दिसताय की, साहेब! पण तुम्हीच म्हणालात, कोणी कितीही..."

"अहो, ते दुसऱ्यांसाठी!"

"तसं नव्हतात म्हणाला," असं म्हणत काका पिंजऱ्यांकडे वळलेसुद्धा.

आजी म्हणजे प्राणिसंग्रहालयातली म्हातारी वानरी. गजांमागे ती कायम लोकांकडे पाठ करून बसायची. ते साहेबांना बघवायचं नाही. म्हणून तर त्यांनी हट्ट धरला होता, की तिला गज नकोत, भिंतही नको. भोवती फक्त पाण्याने भरलेला खंदक हवा. संचालकबाईंचा पाण्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी भिंतीच्या विटा आणून ठेवल्या होत्या आणि आज त्या पाहणीला येणार होत्या.

बाई यायच्या आत सुटायला हवं होतं. साहेबांनी लांबून पळत येऊन उडी मारली आणि कमरेइतक्या पाण्यात धपकन पडले. पलीकडचा काठ धरायला गेले, तर हात सुर्रकन खाली. बोट रुतवायला भेग नाही, पाय टेकायला खाच नाही.

"काय गुळगुळीत केलंय लेकाचं!" ते वैतागून म्हणाले, आणि लगेच त्यांचा ऊर भरून आला. केलं होतं त्यांनीच.

"इंजिनीअरसाहेब, पोहताय?" वरून आवाज आला. काठावर संचालकबाई उभ्या होत्या.

"बाई, फळी मागवता का जरा?"

"छे! आधी बाहेर येऊन दाखवा. तुम्ही आलात, तर वानरही येईल. मग भिंत बांधायला मी मोकळी."

साहेब पेचात पडले. बाहेर पडावं तर खंदक नापास, आत राहावं तर सगळीकडे हसं. पण गडी प्रामाणिक. त्यांनी जीव तोडून पुन्हा दोन उड्या मारल्या, एक चप्पल गमावली आणि धापा टाकत बेटावर परतले.

तेवढ्यात पिंजऱ्यातून बेटावर येणाऱ्या अरुंद बोगद्यातून आजी बाहेर आली. तिने ओल्याचिंब साहेबांना न्याहाळलं, त्यांच्या बाहीचं पाणी निरखलं आणि शेजारी फतकल मारून बसली. पाण्याशी जाऊन तिने एकदा बोट बुडवलं, झटकलं आणि परत आली. या वेळी मात्र ती बाईंकडे तोंड करून बसली.

बाई काठाशी वाकल्या. आजी त्यांच्याकडे बघत होती, त्या आजीकडे, आणि मध्ये नुसतं पाणी.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या, "हिचे डोळे घारे आहेत होय!"

मग त्यांनी हाक मारली, "काका, उद्या त्या विटा परत पाठवा. आणि साहेबांसाठी फळी आणा."

काका फळी घेऊन धावत आले. साहेबांनी हात वर केला.

"सावकाश हो, काका," ते आजीच्या शेजारी नीट मांडी घालत म्हणाले. "घाई कुणाला आहे?"