कर्णिककाकांची बिअर

कर्णिककाका बिअरला नाती लावत. धने आणि संत्र्याची साल घातलेली पांढरी बिअर ही आमटीची मावसबहीण. ट्रिपल नावाची कडक बेल्जियन बिअर म्हणजे आत्या. "आधी गोड बोलते, मग डोकं धरते!" सुपरमार्केटमधली स्वस्त डबाबंद बिअर मात्र "सोयरीक करण्याच्या लायकीची नाही."

नेदरलँड्समधल्या आइंदहोवनमध्ये ते आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहायचे. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत सगळी नोकरी झाली, लग्न राहून गेलं. दर शनिवारी ते नवऱ्याला आणि मला सायकली काढायला लावून आसपासची खेडी दाखवायला न्यायचे. खेडी म्हणजे तिथले पब. सासूबाईंना फोनवर मी "काकांबरोबर फिरायला जातो" एवढंच सांगायचे.

बिअर फार थंड आली की काका ग्लास परत पाठवत. मग तो दोन्ही तळव्यांत धरून वास घेत बसत. प्यायचे मात्र अर्धाच. उरलेला माझ्या नवऱ्याकडे सरकवत म्हणत, "घाई नको. तिला बोलू दे."

त्यांचा सगळ्यात लाडका पब टोनचा. टोन हा सत्तरीचा, पिंपासारखा माणूस. पबमागच्या गोठ्यात स्वतः बिअर गाळायचा. काका दारात दिसले की आख्ख्या पबला ऐकू जाईल असा ओरडायचा, "कार्निक!" काकांचे कान लाल व्हायचे.

मग करोना आला आणि पब बंद झाले. काका तरीही सायकल काढून जायचे. टोन काचेच्या आत, काका बाहेर फुटपाथवर, आणि दोघं एकमेकांवर ओरडत गप्पा मारायचे. एका दुपारी टोनला मुदत संपलेली पिंपं गटारात ओतावी लागली. काका घरी आले ते माझ्या दारातूनच म्हणाले, "मीरा, त्यानं प्रत्येक पिंपावर हात ठेवला गं, ओतायच्या आधी."

त्यानंतर टोन दारातून बाटल्या विकू लागला. काका दर आठवड्याला सायकलवर एक क्रेट बांधून आणायचे. "काका सुटलेत," नवरा म्हणायचा. आम्ही हसायचो.

हिवाळ्यात टोनला दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही. अंत्यसंस्काराला घरची मोजकी माणसंच आत जाऊ शकत होती. बाकीचं गाव रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभं राहिलं. काकाही राहिले, भर थंडीत, कानटोपी हातात धरून. गाडी क्षणभरात समोरून निघून गेली.

त्यानंतर काका दिसेनात. मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, तर त्यांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून क्रेटवर क्रेट. सगळ्या बाटल्या भरलेल्या, एकीचंही बूच उघडलेलं नाही.

"काका, एकही प्यायला नाहीत?"

"मला बिअर आवडत नाही," ते म्हणाले. "कडू लागते."

"मग इतकी वर्षं?"

"ऑफिसात मी बॅज होतो. इथल्या गल्लीत घर नंबर. टोनकडे शिरलं की कोणीतरी माझं नाव घ्यायचं." ते क्रेटकडे बघत राहिले. "काहीतरी मागवल्याशिवाय बसता येत नाही ना."

आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसलो. त्यांनी खिचडी खाल्ली आणि चांगली झाल्याचं सांगितलं. त्या दिवसांत करोनाच्या नियमानं घरी दिवसाला एकच पाहुणा चालायचा. मी उठत म्हणाले, "निघते काका, तुमच्याकडे आणखी कोणी येणार असेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बस गं," ते म्हणाले. "तो नियम मला कधीच जड गेला नाही."

मी परत बसले.