बीकरमधलं सरबत

माझ्या प्रयोगशाळेत आजवर एकही अपघात झालेला नाही! हे मी अगदी छातीठोकपणे सांगायची. दाराशेजारच्या फळ्यावर तसं लिहूनही ठेवलं होतं, ‘आजवरचे अपघात : शून्य’. आता हे शून्य टिकवायला मी रक्ताचं किती पाणी केलं ते विचारू नका. “चष्मा लाव, केस बांध, नळीत नाक खुपसू नकोस!” असं दिवसभर ओरडून घरी गेले की तोंडातून शब्द फुटायचा नाही. नवऱ्याला वाटायचं, बायको रुसली. रुसायला तरी अंगात त्राण हवं ना! मुली मला माझ्या मागे ‘गॉगलबाई’ म्हणतात. म्हणू देत. त्यांचे डोळे शाबूत आहेत, मला एवढं पुरे.

पण यंदा प्रकरण गळ्याशी आलं होतं. आमच्या मोठ्या सरांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा, माझ्या प्रयोगशाळेवर डोळा होता. त्यांना तिथे मीटिंग हॉल करायचा होता. “प्रयोग काय बाई, फळ्यावर काढून दाखवता येतात की!” म्हणे. फळ्यावर! म्हणजे माझ्या नववीच्या पोरींनी परीक्षानळी कधी हातात धरायचीच नाही, रंगीत खडूने काढलेली बघायची. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. ते ‘सुरक्षित’ म्हणाले तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर दाराला कुलूप.

मग मीही कंबर कसली. नववीला महिनाभर पिळून काढलं. ज्या द्रवावर लेबल नाही ते ॲसिडच समजायचं. अंगावर सांडलं की त्या माणसाला थेट कोपऱ्यातल्या, साखळी ओढली की धो धो सुरू होणाऱ्या शॉवरखाली उभं करायचं आणि पंधरा मिनिटं हलू द्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे त्याचं ऐकायचं नाही! कारण ज्याच्या अंगावर सांडतं तो लाजेकाजेने “मला काही झालं नाही” असंच म्हणतो.

“पण बाई, तुम्हीच ‘थांबा’ म्हणालात तर?” मॉनिटरने विचारलं. ही आमची मॉनिटर म्हणजे चालताबोलता भोंगा. हळू बोलणं तिला ठाऊकच नाही.

“माझंही ऐकू नका! घाबरलेलं माणूस काय वाट्टेल ते बोलतं,” मी ऐटीत म्हणाले.

हे बोलायची अवदसा मला का आठवली, देव जाणे.

तपासणीच्या दिवशी सकाळीच मोठ्या सरांनी मला जिन्यात गाठलं. “बाई, साहेबांना लिंबाचं सरबत प्रयोगशाळेतच देऊ ना?”

“अजिबात नाही! तिथे खाणंपिणं बंद आहे. ऑफिसात द्या.”

“अहो, साहेबांना काय कोरडंच परत पाठवायचं?”

“पाठवा!” म्हटलं आणि वर निघून आले.

साहेब आले. सडपातळ, नवा करकरीत कोट, आणि चेहरा माझ्याहून दमलेला. सकाळपासून शाळा बघून बघून बिचाऱ्यांचे डोळे मिटत होते. त्यांनी गॅसची कळ पाहिली, “ठीक.” वाळूची बादली पाहिली, “ठीक.” मुलींचे चष्मे, बांधलेले केस, सगळं “ठीक, ठीक.” फळ्यावरचं शून्य पाहून तर किंचित हसलेसुद्धा! त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. आज घरी जाऊन पाय पसरून झोपायचं.

तेवढ्यात मोठे सर आत आले. हातात ट्रे. ट्रेमध्ये सरबत. आणि सरबत कशात? बीकरमध्ये! शेजारच्या तयारीच्या खोलीत ओट्यावर पडलेला माझा बीकर! मी डोळे वटारले तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ऑफिसात सगळे कप टवके उडालेले. हा कसा छान आहे, आकडेसुद्धा छापलेत!”

मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी झोपेच्या तारेत बीकर ओठांपाशी नेलादेखील.

“साहेब, खाली ठेवा! लेबल नाहीये!” भोंगा वाजला.

साहेब केवढ्याने दचकले! सगळं सरबत कोटावर, बीकर जमिनीवर.

“काही नाही, काही नाही,” साहेब कोट झटकत म्हणाले. “सरबत आहे. मला काही झालेलं नाही.”

झालं! मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. हेच वाक्य त्यांनी महिनाभर घोकलं होतं. मॉनिटरने चपळाईने निळा लिटमस काढला आणि साहेबांच्या कोटाला टेकवला. कागद लालेलाल!

“बाई, ॲसिड!”

“अगं, लिंबाचं आहे ते! थांबा!” मी ओरडले.

“बाई घाबरल्यात! लक्ष देऊ नका!”

पुढचं मला नीट सांगवत नाही. चौघींनी साहेबांना धरलं, एकीने साखळी खेचली आणि धो धो पाणी! साहेब ओरडतायत, मी ओरडतेय, मॉनिटर घड्याळ बघत सगळ्यांच्या वर ओरडतेय, “अजून दहा मिनिटं, साहेब! डोळे मिटू नका!” मोठे सर “टाकीचा कॉक, टाकीचा कॉक” करत गच्चीकडे पळाले.

पंधरा मिनिटं भरली तेव्हा साहेब थडथड उडत होते. मुलींनी मायेने भिंतीवरचं लाल ब्लँकेट काढून त्यांना गुंडाळलं, आगीसाठी ठेवलेलं. आता काही होणार नाही, असं म्हणते तोच मोठे सर धापा टाकत परतले. कॉक काही सापडलेला नव्हता. त्यांनी लाल ब्लँकेट पाहिलं.

“आग!” असं किंचाळून त्यांनी वाळूची अख्खी बादली साहेबांवर उपडी केली.

मी मटकन स्टुलावर बसले. गेली प्रयोगशाळा! खरं सांगते, मला रडूच आलं. पोरी एका रांगेत, माना खाली घालून उभ्या.

साहेबांनी मिशीतली वाळू झाडली. मग जमिनीवरचा बीकर उचलून त्यांनी मला विचारलं, “यात आधी काय होतं?”

“मोरचूद,” मी पुटपुटले. “विषारी असतं.”

साहेबांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. “धुतला होता?”

“म्हणजे... दिसायला स्वच्छ होता,” मोठे सर म्हणाले.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मॉनिटरच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि पेन मागितलं, त्यांचं कुठेतरी वाहून गेलं होतं. “प्रयोगशाळा राहील. शॉवर, ब्लँकेट, वाळू सगळं चालतं, मी अंगावर घेऊन पाहिलंय. फक्त एक अट. या सरांना महिनाभर नववीच्या वर्गात बसवून सगळे नियम शिकवा, बाई.”

मुलींनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. मी हसले, पण मनात म्हटलं, मोठ्या सरांना महिनाभर सांभाळायचं! आता झोप कसली!

मॉनिटरने फळ्यावरचं शून्य पुसून ‘एक’ लिहिलं. मी म्हटलं, असू दे एक, खोटं कशाला?

सोमवारी मोठे सर नववीच्या तासाला अगदी वेळेवर प्रयोगशाळेत आले. चष्मा लावलेला, वही उघडलेली, शहाण्या मुलासारखे पहिल्या बाकावर. आणि हातात सरबत! मॉनिटरने माझ्याकडे पाहिलं आणि शॉवरची साखळी धरली.

मी “थांब” म्हटलं नाही.