दुसरी आवृत्ती, शाई जरा कमी

"फोटो आजारी दिसतो म्हणून अख्खा कागद नाकारायचा, बाबा?" लेकीने विचारलं.

"आजारी नाही, मेलेला दिसतोय," मीटरकाका म्हणाले आणि पुनर्वापराच्या करड्या कागदाचा नमुना त्यांनी प्रेसवालीच्या टेबलावर परत ढकलला.

मीटरकाकांनी उभा जन्म लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना सुटते तशी त्यांनाही खाज सुटली आणि 'मी आणि मीटर' हे आत्मचरित्र कागदावर उतरलं. त्यांचं अक्षर जगात फक्त लेकीला लागायचं. तिने सगळं टाइप करून दिलं आणि मग बरोबर गचांडी धरली. "हे छापायला एकही झाड तोडायचं नाही. कागद मी म्हणेन तसला. नाहीतर फाइल माझ्या कॉम्प्युटरातच राहील."

म्हणून बाप-लेक सकाळपासून छापखान्यात बसून होते आणि प्रेसवाली एकेक नमुना काढून कावली होती.

"हा चिंध्यांचा, काका. बनियनच्या कारखान्यातली कात्रणं असतात. जन्मभर टिकेल."

"माझं बालपण लोकांच्या बनियनवर?"

"बरं, हा उसाच्या चोथ्याचा."

"मुंग्या लागतील."

"कागदाला मुंग्या लागत नाहीत हो!"

"माझ्या पुस्तकाला लागतील. माझं नशीब मी ओळखतो."

खरं दुखणं वेगळंच होतं. गेल्याच महिन्यात काकांनी रद्दीवाल्याच्या तराजूत आपल्या जुन्या साहेबांचं आत्मचरित्र पाहिलं होतं. हळहळून उघडलं, तर पहिल्या पानावर साहेबांच्या सहीनिशी 'सप्रेम भेट', आणि खाली ज्याला भेट दिली त्याचं नाव. ते नाव काकांचंच होतं! प्रत त्यांच्याच घरून आली होती. वाचली होती का? छे! तेव्हापासून त्यांना एकच धसका होता. आपलं पुस्तकही असंच न वाचता तराजूत जाणार. कुणीतरी, अगदी एकाने का होईना, ते वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

शेवटी प्रेसवालीने खालच्या खणातून एक जाडाभरडा कागद काढला. त्यात बारीक ठिपके होते. "हा बियांचा. लगद्यातच मोहरीच्या, झेंडूच्या बिया मिसळतात. वाचून झालं की भिजवायचा, मातीत घालायचा, रोपं येतात. पण हा कार्डांसाठी असतो. पुस्तक यावर कुणी छापत नाही."

काकांचे डोळे लकाकले. "म्हणजे हा रद्दीत जाणारच नाही?"

"नाही, पण काका, बी मधे आलं की अक्षर टेकडी चढल्यासारखं दिसेल."

"चढू दे की! मी काय कमी जिने चढलोय?"

लेकीने बापाला मिठी मारली. प्रेसवालीने कपाळावर हात मारला आणि ऑर्डर लिहून घेतली.

पुस्तक आलं ते उशीएवढं जाड. मागच्या कव्हरवर मोठ्या हिरव्या अक्षरांत सूचना होती, 'वाचून झाल्यावर पानं भिजवून मातीत घाला.' पहिली प्रत काकांनी बायकोपुढे धरली.

"ठेवा तिकडे," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "जगताना समोर बसून सगळं बघितलंय. आता वाचायची पण शिक्षा कशाला?" आणि खिडकीतल्या त्या प्रतीवर त्यांनी पाण्याचा गळका तांब्या ठेवून दिला.

प्रकाशन सोसायटीच्या हॉलमध्ये दणक्यात झालं. सेक्रेटरी पुस्तक न वाचता अर्धा तास बोलले. न वाचलेल्या पुस्तकाची स्तुती करायला काही लागत नाही, नुसता घसा लागतो. झाडून सगळ्यांनी प्रती घेतल्या, छातीशी धरून फोटो काढले. काका त्या दिवशी जमिनीवर नव्हतेच.

महिनाभर त्यांनी दम धरला. मग अभिप्राय गोळा करायला बाहेर पडले, जसे पूर्वी मीटर वाचायला पडायचे तसे, दारोदार.

पहिलं दार समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं.

"या या काका! चला, तुमचं बालपण दाखवते!" त्यांनी हात धरून काकांना बाल्कनीत नेलं. ओळीने कुंड्या आणि कुंड्यांत लुसलुशीत मोहरी.

"वाचलंत ना आधी?"

"वाचलं की! पहिलं पान वाचलं, मग मागची सूचना वाचली. म्हटलं, उगाच वेळ कशाला घालवा?"

"आणि मधलं?"

"मधलं कुंडीत आहे. बसा ना, चहा टाकते."

काका बसले नाहीत. वरच्या मजल्यावर सेक्रेटरी झारी घेऊन उभेच होते आणि त्यांची तर तक्रार होती. "काका, राग मानू नका, पण तुमचं लग्नाचं प्रकरण फुटत नाहीये. नोकरीचं बघा कसं तरारलंय! लग्नावर मजकूर फार दाबून घातलाय तुम्ही. शाईखाली बी गुदमरतं हो."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"कविता लिहायच्या. पानात जागा राहते."

काका तिथून निघाले ते थेट वाचनालयात. तिथे तरी पुस्तकाला पुस्तक म्हणत असतील! ग्रंथपालाने त्यांना आदराने मागच्या अंगणात नेलं. छान आळं केलेलं, भोवती विटा, मधे झेंडू, आणि पाटी. पाटीवर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आणि खाली 'तोडू नये'.

"आमच्याकडे सध्या सगळ्यात जास्त चौकशी याचीच आहे," ग्रंथपाल अभिमानाने म्हणाला. "लोक येतात, बघतात, फोटो काढतात."

"आणि वाचतात?"

"काका," ग्रंथपाल समजुतीच्या सुरात म्हणाला, "वाचनालयात वाचायला कोण येतं?"

काका रस्त्यावर आले तोच प्रेसवालीचा फोन. "काका, अभिनंदन! पुस्तक संपलं! दुसरी आवृत्ती काढू या. लोक रांग लावून मागतायत. फक्त शाई जरा कमी करा म्हणतात."

"किती कमी?"

पलीकडे प्रेसवाली घुटमळली. "नसली तरी चालेल म्हणतात."

काका तणतणत घरी निघाले. आयुष्यात एक पुस्तक लिहिलं आणि त्याचं लोकांनी खत केलं! रद्दीवाला परवडला, तो निदान चार पानं चाळून तरी पुडी बांधतो. आता लेकीला झापायचं, प्रेसवालीला झापायचं, मग सोसायटीची मीटिंग बोलवून सगळ्यांना एकदम झापायचं, असं ठरवून त्यांनी दार ढकललं.

खिडकीशी काकू बसल्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर 'मी आणि मीटर', आणि पुस्तकातून वीतभर हिरवे कोंब वर आलेले. गळक्या तांब्याने आपलं काम चोख केलं होतं. काकू कंगव्याने कोंब बाजूला सारून वाचत होत्या आणि हसून हसून त्यांचे डोळे वाहत होते.

"अगं, हे काय?"

"शू! बोलू नका. तुमच्या मागे कुत्रं लागलंय आणि तुम्ही मीटरच्या पेटीवर चढलाय."

काका काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

"कुंडीत टाकायलाच उचललं होतं," काकू म्हणाल्या, "तर त्यात मीच दिसले! म्हणे, आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदा मीटर बघायला आलात आणि मी जिन्याखालच्या दाराला बाहेरून कडी लावली. धादांत खोटं! ती कडी आपोआप पडली."

"कडी आपोआप पडते आणि मग बाहेर कुणी फिदीफिदी हसतं?"

"ते मी दुसऱ्याच कशाला तरी हसत होते." काकूंनी पान डोळ्यांजवळ नेलं. "पण पुढे काय झालं? इथे झेंडू आलाय, काही दिसत नाही."

"उपट."

"वा! जीव आहे त्यात. तुम्हीच सांगा पुढचं."

मग काकांनी सांगितलं. वाक्यावाक्याला काकूंनी अडवलं, भांडल्या, दुरुस्त्या सुचवल्या, दोनदा तर 'आता पुरे!' म्हणून उठल्या आणि 'बरं, मग?' म्हणून परत बसल्या. चहा गार झाला. संध्याकाळी लेक भीतभीत आली. "बाबा, मला कळलं सगळं. दुसरी आवृत्ती आपण साध्या कागदावर काढू."

"बियांच्याच कागदावर काढ," काका खुशीत म्हणाले. "शाई नको म्हणतात ना? नको तर नको. मला काही गरज नाही."



आठवडाभराने काकूंनी पुन्हा पुस्तक उघडलं आणि त्या चक्रावल्या. "अहो, तांब्या तर मी कधीच उचललाय. नोकरीचं प्रकरण चांगलं कोरडं ठणठणीत होतं. यात मोड कुठून आले?"

"हवा दमट आहे," मीटरकाका म्हणाले आणि हातातली झारी त्यांनी हळूच पाठीमागे लपवली. "कुठपर्यंत आली होतीस? थांब, मी सांगतो."