प्रेम वेगळं, पोहे वेगळे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गुर्जर पोळ्या मोजून जेवतात. पथ्य म्हणून नव्हे. ते चार खातात, नलिनीताई दोन; म्हणून कणकेच्या खर्चाचे तीन भाग, त्यातले दोन गुर्जरांचे. हे ऐकलं तेव्हा माझा चहा बशीत सांडला.

तसा हा दुसरा धक्का. पहिला, बहात्तराव्या वर्षी त्यांनी नलिनीताईंना घरी आणून दारावर दोन आडनावांची पाटी लावली तेव्हा. "लग्न कधी झालं?" मी विचारलं.

"झालं नाही, करणारही नाही. पेढे हवेत की माहिती?"

त्यांच्याकडे चहाला गेलं की गुर्जर आधी विचारणार, "कुणाकडे आलात? माझ्याकडे की यांच्याकडे?" कारण ज्याचा पाहुणा, त्याच्या खात्यावर दूध. मी अवाक झालो की ठरलेलं वाक्य यायचं, "प्रेम वेगळं, पोहे वेगळे."

अट मात्र नलिनीताईंची. येरवड्याला मुलाकडे असताना 'आमच्या जिवावर खाता' हे त्यांनी एकदा ऐकलं होतं. "माझ्या वाट्याचा खर्च घ्याल तर राहीन. फुकटचा घास खाल्ला असं कळलं, त्या दिवशी बॅग भरेन," असं त्यांनी गुर्जरांना बजावलं होतं.

मी तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली, म्हणून त्या दरमहा हिशेबाची वही माझ्याकडे तपासायला आणतात. परवा वहीचं कव्हर सुटलं आणि आतून औषधांची बिलं पडली. औषधं गुर्जर आणतात, वहीत तेच लिहितात. नलिनीताईंचे डोळ्यांचे थेंब वहीत नव्वद रुपये, बिलात नऊशे. आठ महिने हेच. पोळ्या मोजणारा माणूस खोटा हिशेब लिहितो? माझा विश्वासच बसेना.

जिन्यात गाठलं. "अहो, निदान बिलं तरी फाडायची."

"बिल फाडवत नाही हो." त्यांचा चेहरा उतरला. "तिची पेन्शन केवढी, थेंब केवढ्याचे. कळलं तर जाईल ती. बारा वर्षं एकटा जेवलोय मी. आता नाही जमायचं."

संध्याकाळी वही द्यायला गेलो. "बरोबर आहे ना सगळं?" नलिनीताईंनी विचारलं. दोन रुपयांच्या फरकासाठी मी भल्याभल्यांना धारेवर धरलेलं आहे.

"पैसा न् पैसा बरोबर," म्हटलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

गुर्जर उठले. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"यांचा चहा कुणाच्या खात्यावर लिहू?" नलिनीताईंनी वही उघडली.

"माझ्या," गुर्जर म्हणाले. "आजपासून कायम माझ्याच."