द्राक्षे लवकरच

सकाळचा चहा यायच्या आधीच कोंडाजीआबांनी टॅबलेट मांडीवर घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मळा उघडला. कोथिंबीर टवटवीत होती. मेथी काढणीला आली होती. झेंडू तर असा फुलला होता की मखमलाबादच्या खऱ्या शिवारात ऐन दसऱ्यालाही तसा फुलत नाही. आणि मळ्याच्या उत्तरेला, मांडवावर, तीन वर्षांपूर्वी लावलेली द्राक्षाची वेल होती. पानापानांनी भरलेली, हिरवीगार, आणि औषधालाही घड नाही. आबांनी तिच्यावर बोट दाबलं. रोजची पाटी आली : ‘द्राक्षे लवकरच!’

“लवकरच म्हणं,” आबा करवादले. “तीन वर्षांत माणसाचं पोर बोलाया लागतं.”

“आवं, ते राहू द्या,” मागच्या दारातून नवसाबाईंचा आवाज आला. “जरा परसात या. येल पार खाली लोळतोय, तेवढी तार ताणून द्या.”

“आलोच,” आबा म्हणाले, आणि बैलांना पाणी पाजायला लागले. टॅबलेटमधल्या.

हे सगळं सुरू झालं आबांच्या गुडघ्यापासून. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पायऱ्या चढा-उतरायला बंदी केली. परसात उतरायला तीन पायऱ्या होत्या, त्यामुळे परसही बंद. खरी शेती मुलगा कुंदन बघायचा. दिवसभर ओसरीवर बसून आबा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढू लागले, तेव्हा सून भाग्यश्रीने आपल्या जुन्या टॅबलेटवर ‘माझा मळा’ नावाचा गेम घालून दिला. ती अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला होती आणि घरी शांतता कशी विकत घ्यावी हे तिला कळत होतं. गेमच्या पहिल्याच पानावर ‘अर्ली ॲक्सेस’ असं लिहिलेलं होतं. आबांना वाटलं, कंपनीचं नाव असेल.

आबांनी जन्मभर भाजीपाला आणि फुलं पिकवली. द्राक्ष कधी लावलं नाही. द्राक्ष म्हणजे मोठ्यांचं पीक, छातीचं काम. ती छाती त्यांच्या मेहुण्याला, नवसाबाईंच्या भावाला, वणीच्या मल्हारीला होती, आणि छातीवर शोभेल अशी मिशीही होती. दर रंगपंचमीला मल्हारी द्राक्षांची पेटी घेऊन यायचा आणि पेटीबरोबर एक टोमणा फुकट द्यायचा. गेल्या वर्षी त्याने टॅबलेटकडे बघून विचारलं, “काय दाजी, तुमच्या काचंतल्या बागंला घड आला का न्हाई?”

आबांची नस ठणकली. “पुढल्या रंगपंचमीला माझ्या मळ्यातला घड तुला नाय दाखवला, तर मिशी उतरवीन.”

“आन् दाखवला तर मी उतरवतो,” मल्हारी म्हणाला. दोघांनी टाळी दिली. नवसाबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि भांडी घेऊन परसात निघून गेल्या.

तेव्हापासून आबा प्रत्येक अपडेटकडे डोळे लावून होते. अपडेट यायचेही. पावसाळ्यात बेडूक ओरडू लागले. कोंबड्यांना नाचता येऊ लागलं. आणि यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कंपनीने मोठ्या आनंदाने कळवलं की बैलांच्या शिंगांना आता सात रंग उपलब्ध आहेत.

“सात रंग!” आबा इतक्या मोठ्याने ओरडले की भाग्यश्रीच्या हातातून डबा सुटला. “हिथं माझी मिशी चाललीय आन् हे शिंगं रंगवीत बसलेत! कुठंय ह्यांचं हापिस?”

हापिस निघालं नाशकातच, कॉलेज रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. आबांना तक्रारीची एकच रीत माहीत होती. कालव्याचं पाणी आलं नाही, विजेची डीपी जळाली, की आधी अर्ज, मग निवेदन, मग धरणं. वेळ थोडा होता, म्हणून त्यांनी अर्ज वगळला. भाग्यश्रीकडून निवेदन लिहून घेतलं. विषय : द्राक्षाला तीन वर्षे घड न आल्याबाबत. आणि परसाच्या तीन पायऱ्या ज्यांना बंद होत्या, ते आबा कॉलेज रोडच्या अठ्ठावीस पायऱ्या चढून गेले.

वर एका खोलीत चार संगणक होते आणि चैताली नावाची एक मुलगी होती. केस विस्कटलेले, डोळे चोळून लाल झालेले. हाच गेम तिने बनवायला घेतला होता.

“काका, अर्ली ॲक्सेस आहे ना,” ती समजावू लागली. “म्हणजे गेम अजून पूर्ण व्हायचाय. पण लोकांना आधीच खेळता येतो.”

“म्हंजे सैपाक व्हायच्या आधी पंगत बसवली.”

“तसं म्हणा हवं तर.”

“मीठ वाढलं, लिंबाची फोड वाढली. तीन वर्षं झाली, मंडळी पानावर बसून हायती. भात कुठाय?”

“भात शिजतोय, काका.”

“शिजतोय का तांदूळच आणायचेत अजून?”

चैतालीने नजर संगणकाकडे वळवली. आबांनी ओळखलं, तांदूळच आणायचे होते. “पोच द्या,” त्यांनी निवेदन पुढे केलं. “शिक्का मारून.” चैतालीकडे शिक्का नव्हता. आबा हलेनात. शेवटी ती खाली गेली, दातांच्या डॉक्टरांचा शिक्का मागून आणला आणि निवेदनावर मारला. आबांनी तो वाचला नाही. शिक्का निळा होता, गोल होता, तेवढं पुरे होतं.

आठ दिवस वाट पाहून आबा त्याच जिन्यात धरण्याला बसले. नवसाबाईंनी भाकरी-ठेचा बांधून दिला आणि जाताना म्हणाल्या, “तिथं बसायचंच तर हिथं येलापाशी बसा की.” आबांनी ते ऐकलं नाही, म्हणजे कानावर पडलं पण ऐकलं नाही. जिन्यात बसल्यावर गंमत अशी झाली की दवाखान्यात आलेले लोक जागा नसल्यामुळे त्यांच्या शेजारीच बसू लागले. गालाला हात लावून, कण्हत बसलेली पाच-सहा माणसं आणि मधोमध उपरणं टाकलेला म्हातारा. बघणाऱ्याला वाटावं, उपोषणाचा चौथा दिवस असेल.

त्यातला एक जण एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर होता. अक्कलदाढ काढून आला होता. त्याने खुणेनेच विचारलं, काय झालं? आबांनी मनापासून सांगितलं. तीन वर्षांमागं वेल लावली, पाणी घातलं, खत घातलं, एक घड नाही. कंपनी म्हणते लवकरच. वार्ताहराचे डोळे भरून आले, काही दाढेमुळे, काही आबांमुळे. जबडा बधिर असल्याने त्याला एकही उपप्रश्न विचारता आला नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली : ‘कंपनीच्या वेलींना तीन वर्षे घड नाही; मखमलाबादच्या वृद्ध शेतकऱ्याचे धरणे.’

त्याच दिवशी दुपारी कृषी सहायक पंचनाम्याला दारात हजर झाला. नवा होता, उत्साही होता. “बाग दाखवा आबा. गट नंबर काय?”

“त्याला गट नंबर नाय,” आबा म्हणाले. “पासवर्ड हाय.” आणि त्यांनी टॅबलेट पुढे केला.

सहायकाने दोन मिनिटं डोक्याला हात लावला. पण एवढ्या लांब आलोच आहोत, आणि नवसाबाईंनी पोह्यांची बशीही ठेवली आहे, म्हणून तो टॅबलेट बघू लागला. तेवढ्यात फटफटीवरून मल्हारी आला. बातमी वाचून तो वणीहून तडक निघाला होता. चेहऱ्यावर काळजी होती आणि मिशीआड हसू होतं. त्याच्यामागून रिक्षातून चैताली उतरली. सकाळपासून तिला अठरा शेतकरी संघटनांचे फोन आले होते आणि डॉक्टरांनी शिक्का परत मागितला होता.

“आबा,” कृषी सहायक वेल मोठी करून बघत म्हणाला, “ह्या वेलीची छाटणी कधी केली होती?”

“छाटणीचं बटणच नाय ह्यात.”

“मग घड येईल कुठून? द्राक्ष छाटल्याशिवाय फळतं का कधी?”

सगळ्यांनी चैतालीकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. “मला काय माहीत?” ती म्हणाली. “माझे वडील अंबडला लेथवर होते. मी द्राक्ष पाहिलंय ते पिशवीत. म्हणून तर तीन वर्षं अडलंय. जिथे विचारावं तिथे जो तो वेगळंच सांगतो.” तिला एकदम रडू आलं. नवसाबाईंनी तिच्या पुढ्यातही पोह्यांची बशी सरकवली.

“पोरी, रडू नको,” मल्हारी मिशीवर हात फिरवत म्हणाला. “मी हाय ना. तीस वर्षं द्राक्षात गेली माझी. मी शिकवतो. मी सही केल्याबिगर अपडेट सोडू नको, म्हंजे चूक व्हायची न्हाई.”

आबांना भरून आलं. मेहुणा असावा तर असा, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. धरणं तिथल्या तिथे मागे घेतलं गेलं.

मल्हारी आठवड्यातून दोनदा वणीहून येऊ लागला. पहिल्या आठवड्यात छाटणी झाली. घड आले, पण मल्हारीने नापास केले, मणी दाटलेत, विरळणी नाही. विरळणी झाली, तर म्हणाला, डाऊनीचा रोग कुठाय? रोगाबिगर द्राक्ष म्हणजे लबाडी. रोग घातला, तर फवारणीचा आवाज बरोबर नाही. आवाज बरोबर केला, तर मांडवाच्या तारेला झोल कमी. चैताली बिचारी वहीत लिहून घेत होती. आबा रोज टॅबलेट उघडत होते आणि पाटी रोज तीच : ‘द्राक्षे लवकरच!’ फक्त खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढली होती : ‘तज्ज्ञांकडून तपासणी सुरू आहे.’

रंगपंचमी चार दिवसांवर आली तेव्हा भाग्यश्रीने ती ओळ वाचली. “आबा, हे तज्ज्ञ म्हणजे मल्हारीमामा ना?”

“व्हय. लय बारकाईनं बघतो.”

“बघणारच. घड आला तर मिशी कुणाची जाते?”

आबांनी ती बारीक ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाले, “मायला!” मांजराच्याच गळ्यात दुधाची किल्ली बांधली होती, आणि बांधताना भरूनही आलं होतं. त्यांनी चैतालीला फोन केला. ती म्हणाली, “काका, मी शब्द दिलाय, मामांच्या सहीशिवाय सोडायचं नाही.” मल्हारीचा फोन बंद होता.

रंगपंचमीच्या सकाळी मल्हारी पेटी घेऊन हजर झाला. पेटीवर दाढीचं सामानही व्यवस्थित मांडून आणलं होतं. “दाजी, ठरल्यापरमानं,” तो म्हणाला आणि ओसरीवर मांडी घालून बसला.

आबांनी शेवटचं एकदा टॅबलेट उघडून पाहिलं. पाटी तीच. चाळीस वर्षं सांभाळलेल्या मिशीवरून त्यांनी हात फिरवला. खरं सांगायचं तर त्यांना मिशीचं तितकं वाईट वाटत नव्हतं. एक घड आपल्या हाताने पिकवलेला बघावा, एवढीच हौस होती, आणि ती काचेतसुद्धा पुरी झाली नाही, याचं वाईट वाटत होतं. त्यांनी ब्रश उचलला.

“ठेवा ते खाली,” नवसाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. “आन् दोघंबी परसात या. आता नाय आलात तर मी पुन्यांदा बोलवायची नाय.”

त्यांचा आवाज असा होता की आबांनी गुडघा, डॉक्टर, काही काढलं नाही. तीन पायऱ्या उतरले. न्हाणीच्या मागे, चार बांबूंवर वाकडातिकडा मांडव होता. एका बाजूची तार सुटून वेल खाली लोळत होती. आणि पानांच्या आड, नवसाबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंधीने झाकून ठेवलेला, एक घड होता.

आबा बघतच राहिले. हात लावायचं धाडस होईना. “हे… हे कवा?”

“तीन वर्षं झाली. ह्यो मल्हारी छाटणीच्या काड्यांची मोळी देतो ना चुलीला, त्यातली एक खोचली. दर साली छाटली. बापाच्या बागंत आमी काय नुसती बोरं खाल्ली का?” नवसाबाईंनी पदर खोचला. “औंदा छाटणीला पंधरा दिस उशीर झाला. कात्रीला धार लावून द्या म्हणत व्हते, तर तुमचं आपलं आलोच, आलोच.”

आबांची मान खाली गेली. लाजही वाटली आणि त्या लाजेतच आनंदही झाला. चैतालीला सुनावलेलं एकेक वाक्य त्यांना आठवलं. मग मल्हारी शेजारी उभा आहे हेही आठवलं.

“माझ्या मळ्यातला घड, असं ठरलं व्हतं. ह्यो मळा कुनाचा?” त्यांनी विचारलं.

“तुमचाच की दाजी, पर…” मल्हारीने एक मणी तोडून तोंडात टाकला. डोळे गच्च मिटले, खांदे कानाला लागले. “आंबट! नुसता चिंचेचा कोळ! ह्याला द्राक्ष म्हनत न्हाईत. अजून तयारच न्हाई झालं!”

“अर्ली ॲक्सेस हाय,” आबा शांतपणे म्हणाले. “आत्ता हे असंच खायाचं. गोड पुढल्या अपडेटला.”

अर्ध्या तासाने मल्हारी ओसरीवर, ओठाला साबणाचा फेस लावून, मुकाट बसला होता. एक बाजू उतरली होती. वस्तरा दुसऱ्या बाजूला वळवायच्या आधी त्याने खिशातून फोन काढला आणि चैतालीला लावला. “सोड ते अपडेट, पोरी,” तो जड आवाजात म्हणाला. “काय चूक न्हाई त्यात. महिना झाला, काय चूक न्हाई.”

दहाच मिनिटांत टॅबलेट खणखणला. भाग्यश्री तो घेऊन मागच्या दारापाशी धावत आली. “आबा! आलं! तुमच्या वेलीला बावीस घड आलेत! कंपनीने विचारलंय, पहिला घड तुम्हीच तोडणार ना?”

आबा मांडवाखाली स्टुलावर उभे होते. तोंडात खिळा, हातात पक्कड, आणि खाली नवसाबाई तारेचं टोक धरून उभ्या. आबांनी मान न वळवता खिळा तोंडातून काढला.

“त्यांना कळव,” आबा म्हणाले, “लवकरच येतो.”