'शेपूट' आणि ठराव क्रमांक सात

विकासचं वय शासकीय नोंदीप्रमाणे तेहतीस आणि स्थळांना कळवण्यापुरतं एकोणतीस होतं. अठरा एकर ओलीत होतं, दारात ट्रॅक्टर होता. पण मुलगा शेती करतो एवढं कळलं की मुलीकडचे लोक 'कळवतो' म्हणून फोन ठेवत आणि कळवत नसत. त्यामुळे वाशीमच्या गजेंद्र साहेबांनी आपल्या मुलीसाठी, साधनासाठी, निरोप पाठवला, तेव्हा विकासच्या वडिलांनी, जगदेवरावांनी, तो दोनदा ऐकला. साहेबांना जमीनजुमला बघायचा नव्हता. घरचे विचार मोकळे आहेत का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी बैठकीचं ठिकाण त्यांनीच ठरवलं होतं: शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेला लागून, 'शेपूट'. स्मॉल प्लेट्स, पोर्क आणि क्राफ्ट बिअर.

यात एक तांत्रिक अडचण होती. जगदेवराव गावच्या स्वच्छता समितीचे अध्यक्ष होते. गावात डुकरं पाळणारा माणूस एकच, जानराव. तीन वर्षांपूर्वी समितीने ठराव क्रमांक सात एकमताने मंजूर केला होता: 'डुकरांमुळे गावाच्या सभ्यतेस बाधा पोहोचत असल्याने श्री. जानराव यांनी आपली जनावरे व बिऱ्हाड नाल्यापलीकडे हलवावे.' जानराव हलला. गावाला तालुक्यात तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळालं. ते जगदेवरावांच्या बैठकीत हारासह टांगलेलं आहे.

"डुक्कर खायचं?" गोजराबाई नवऱ्याला म्हणाल्या. "अंडं उकडलं तं गंज-भांडं आपून घराबाहेर ठेवतो."

"डुक्कर नाही, पोर्क हाय. पोराचं लगन पाह्यजे का नाही तुले?"

गोजराबाईंनी विचार केला. "मंग माह्यी त्या दिवशी चतुर्थी हाय."

चतुर्थी होऊन आठ दिवस झाले होते; परंतु विषय निकडीचा असल्याने त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

'शेपूट' म्हणजे मूळचं तुरीचं गोदाम. भिंतींचं प्लास्टर मुद्दाम उकरलेलं, बल्ब मुद्दाम उघडे, खुर्च्या मुद्दाम वेगवेगळ्या. बांधकाम अर्ध्यावर टाकून मालक पळाला असावा, असं जगदेवरावांना वाटलं. पण मोकळे विचार म्हणून ते गप्प बसले. मग पहिलीतल्या पोराच्या पाटीसारखी एक काळी पाटी आली. तिच्यावर मांसाचे तीन तुकडे आणि एक पान. टेबलाला माणसं पाच.

"हे चाखायले देल्लं का?" जगदेवरावांनी वेटरला विचारलं. त्यांच्या घरच्या पंगतीत जेवणाऱ्याने पानावर आडवा हात धरला, तर बुंदी हातावर पडत असे.

"हीच डिश आहे सर. शेअरिंग कन्सेप्ट."

गजेंद्र साहेब दोनदा गोव्याला जाऊन आल्यामुळे या विषयातले अधिकारी होते. त्यांनी डोळे मिटून एक तुकडा चावला. "घ्या ना जगदेवराव. सवय असेलच तुम्हाला."

"रोजचंच हाय," जगदेवराव म्हणाले आणि गोळी घ्यावी तसा दुसरा तुकडा बिअरबरोबर गिळला.

गोजराबाईंसाठी उपवासाच्या पदार्थाची चौकशी झाली. बटाट्याचे काप होते; फक्त डुकराच्या चरबीत तळलेले.

"बटाटा चालते," गोजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी तीन पाट्या संपवल्या.

प्रत्येक पाटीबरोबर एक कार्ड येत होतं. साधनाने एक उचलून मोठ्याने वाचलं. "'संगोपन: मोकळ्या रानात, गावाच्या गोंगाटापासून दूर. पालक: जानराव.' गाव तर तुमचंच लिहिलंय. ओळखता तुम्ही यांना?" तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे दाराएवढ्या फोटोत जानराव उभा होता.

विकासने बापाकडे पाहिलं. आता नाही म्हणणं म्हणजे विचार कोते ठरण्याचा धोका होता.

"आमच्या घरचाच माणूस," जगदेवराव म्हणाले. "येणंजाणं हाय."

"अरे वा," गजेंद्र साहेब म्हणाले. जानराव माल घेऊन मागच्या दाराशी आलेलाच आहे, अशी माहिती वेटरने पुरवली. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

जानराव हात पुसत आला. टेबलावर कोण बसलं आहे ते त्याने नीट पाहून घेतलं.

"तुम्ही यांच्या घरी जाता म्हणे?"

विकासने काटा खाली ठेवला. जानरावने जगदेवरावांकडे पाहिलं.

"गेलतो जी एक डाव," जानराव म्हणाला. "ठरावाची नक्कल घ्याले बलावलं होतं. आंगणात उभ्यानं चहा पेलो. वैनीनं मंग कप बी मलेच देऊन टाकला. वापस नको, म्हणे."

गोजराबाईंनी बटाट्याची रिकामी पाटी बाजूला सारली.

"कप भेट दिला?" गजेंद्र साहेबांना गहिवरून आलं. "बघ साधना. संस्कार म्हणतात ते हे."

बाजूला एक खुर्ची रिकामी होती. जानरावने ती ओढली.

"उभेच राहा," साहेब म्हणाले. "उभ्याने फोटोत अस्सल वाटता तुम्ही."

फोटो झाला. जानराव मागच्या दाराने गेला. साधनाने खुर्ची पुन्हा टेबलाखाली सारली.

स्थळ पसंत पडलं. मात्र साखरपुड्याला आल्यावर ही डुकरं त्यांच्या गावातच बघायची, अशी इच्छा साहेबांनी व्यक्त केली. त्यामुळे आठ दिवसांत ठराव क्रमांक सात रद्द करून ठराव क्रमांक अकरा घेण्यात आला: 'सदर प्राणी हा गावाचा वारसा असल्याने त्याची सोय ग्रामपंचायतीशेजारी करण्यात यावी.' तोही एकमताने. डुकरं जगदेवरावांच्या ट्रॅक्टरमधून आली. त्यांना आंघोळ घालण्यात आली. वर मांडवाचं कापड लागलं, खाली प्यायच्या पाण्याचा वेगळा नळ.

ट्रॅक्टरमागे जानराव चालत नाल्यापर्यंत आला होता. "मंग मी बी बिऱ्हाड आणू का भाऊ?"

"ठरावात डुकराईचंच हाय, जानराव," जगदेवराव समजुतीने म्हणाले. "तुहा विषय अजेंड्यावर नव्हता. पुढच्या सभेत घेऊ. घाई कायले करतं?"

लग्न जमलं का, असा प्रश्न वाचकांना पडणं साहजिक आहे. जमलं. ही हकिगत आजवर ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांनी हेच विचारलं, आणि निम्म्यांनी 'शेपूट'मध्ये टेबल राखून ठेवायचा नंबर मागून घेतला. दुसरा कोणताही विषय अजेंड्यावर आला नाही.