अस्वलरावांचं पोट आणि साळुंकीकाकूचा कागद

बाळांनो, एका जंगलात साळुंकीकाकू राहायची. कुणाच्या घरात काय शिजलं आणि कुणाच्या पोटात काय दुखलं, हे त्या घरच्यांच्या आधी तिला कळायचं.

एका सकाळी शेजारच्या अस्वलरावांचं पोट दुखू लागलं. काकूने मायेने बेंबीला हिंग लावला, ओवा चघळायला दिला. तरी अस्वलराव कण्हतच होते. शेवटी अस्वलीणबाईने डॉक्टर सुतारपक्ष्याला बोलावलं.

सुतारपक्ष्याने पोटावर टकटक केलं.

"लाकडासारखं लागतंय," तो म्हणाला. "आणि लाकूड मला कळतं. रक्त तपासा, पण आजच दवाखान्यात हलवा."

रक्ताचा कागद आला तो आधी काकूच्या चोचीत. त्यावर सीआरपी होता, म्हणजे अंगात सूज किती ते सांगणारा आकडा. तो जेमतेमच वाढलेला होता.

"अगं पोरी, गॅस आहे. आमच्या जाऊबाईंना नुसत्या सर्दीत याच्या दुप्पट होता."

"पण काकू, पोट किती कडक झालंय."

"कागदावर पोट कुठे आहे?"

"काकू, दुखणं पुढे येतं, आकडा मागून चढतो," सुतारपक्षी म्हणाला.

"म्हणजे छापलेलं खोटं का?"

अस्वलीणबाईचा काकूवर जीव. दवाखाना उद्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी अस्वलरावांना कण्हायचंही त्राण उरलं नाही. आकडा झाडाच्या शेंड्यावर गेला होता. सुतारपक्ष्याने दवाखान्यात नेऊन पोट उघडलं. आतडं फुटून आत पू झाला होता. अस्वलीणबाई दवाखान्याच्या दाराशी बसून राहिली. काकूही बसली. त्या दिवशी तिने कुणाला काही विचारलं नाही.

सकाळी मात्र नवा कागद तिनेच उचलला. आकडा आणखी वाढलेला. काकूने दारातच गळा काढला आणि रडतरडत आत गेली. अस्वलराव उशीला टेकून बसले होते.

"काकू, मध आणलात का?"

"अहो, तुमचा आकडा वाढलाय. तुम्हाला भूक लागतेच कशी?"

"आकडा उतरेल सावकाश," सुतारपक्षी म्हणाला. "ताप गेलाय. मध मात्र इतक्यात नाही."

अस्वलीणबाईने काकूच्या चोचीतला कागद हळूच काढून घेतला. उरलेला हिंग त्यात बांधला आणि पुडी तिच्या हाती दिली.

तात्पर्य: आजाऱ्याकडे बघत बसू नये, कागद बघावा. आजारी बरा होताना शेजाऱ्यांना विचारत नाही. कागद निदान त्यांच्याशी बोलतो तरी.